शुद्धीवर आल्याची वेळ

हुद्दा: शुश्रूषा सहायक, श्रेणी दोन. नेमणूक: शस्त्रक्रियोत्तर जागृती कक्ष, तिसरा मजला. वय: चोपन्न पूर्ण. उंची: पाच फूट चार इंच. बांधा: मध्यम, मध्यभागी किंचित अधिक. ओळखीची खूण: डाव्या कानाच्या पाळीवर तीळ. सेवाकाल: बावीस वर्षे, खंड नाही. वर्तणूक: समाधानकारक. विशेष कौशल्य: भुलीखालील रुग्ण पूर्णपणे शुद्धीवर आला आहे किंवा कसे, हे केवळ दृष्टिक्षेपाने निश्चित करणे. सदर कर्मचाऱ्याच्या या निर्णयात आजतागायत चूक आढळून आलेली नाही. सबब प्रवेशद्वाराजवळील भिंतीवर 'आदर्श कर्मचारी' म्हणून त्यांचे छायाचित्र लावण्यास हरकत नसावी. सोबत: नोंदवहीतील एका पानाची प्रत, नमुन्यादाखल.

हे पत्र अधीक्षकांच्या सहीने निघालं, पण त्याचा मसुदा ज्याच्याविषयी ते आहे त्यानेच केला होता. अधीक्षकांनी त्यात स्वतःचे म्हणून तीनच शब्द घातले: 'मध्यभागी किंचित अधिक'. तिथवर वाचून होतंय तोच त्यांचा फोन वाजला, आणि बोलता बोलता त्यांनी खाली सही करून टाकली.

हॉस्पिटलात त्याला कोंबडा म्हणत. पाठीमागे, अर्थात. समोर सगळे 'मास्तर' म्हणत आणि ही पदवी आपल्याला ज्ञानामुळे मिळाली आहे असा त्याचा समज होता. कोंबडा म्हणायचं कारण साधं होतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला भुलीतून उठवणं हे त्याचं काम, आणि उठवताना तो जो आवाज काढी तो तळमजल्यावर केसपेपरच्या खिडकीपर्यंत जाई. "झालं बरं का तुमचं! डोळे उघडा! नाव सांगा!" शिवाय आपण ओरडलो म्हणूनच उजाडलं, असा जो एक भाव त्या पक्ष्याच्या चालीत असतो, तो याच्याही चालीत होता.

खोली लहानशी. कठडे लावलेल्या तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ, आणि प्रत्येक खाटेशी नाडीचे ठोके दाखवणारं एक यंत्र. त्याचा चिमटा रुग्णाच्या बोटाला लावायचा, की पडद्यावर हिरवा आकडा उमटतो. कोंबडा त्या यंत्राकडे बघत नसे. "आकडे बघायचे ते नवशिक्यांनी," तो म्हणे. "मी तोंड बघतो."

कोपऱ्यातल्या टेबलावर त्याची नोंदवही. लांबोडकी, जाड पुठ्ठ्याची. तिचे रकाने असे: अनुक्रमांक, रुग्ण, शस्त्रक्रिया, खोलीत आणल्याची वेळ, शुद्धीवर आल्याची वेळ, शेरा. यातला पाचवा रकाना हा कोंबड्याच्या आयुष्याचा अभिमान. हा रकाना तो सकाळी साडेआठलाच भरून ठेवत असे.

यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. दिवसाची यादी आदल्या संध्याकाळी लागायची. कुठलं ऑपरेशन किती चालतं हे त्याला पाठ होतं, आणि त्यानंतर माणूस किती वेळाने उठतो हे तर त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं होतं: अपेंडिक्स वीस मिनिटं, हर्निया पंधरा, पित्ताशयातले खडे अठ्ठावीस. सकाळी हात मोकळा असतो, अक्षर चांगलं येतं. मग रुग्णांनी वेळ पाळायची. एखादा लवकर डोळे उघडून बघायला लागला तर कोंबडा त्याच्या पापण्यांवर हात फिरवून म्हणे, "पडा अजून, वेळ झालेली नाही." एखाद्याला उशीर झाला तर त्याच्या छातीच्या हाडावर मुठीचे सांधे घासले जात, आणि तो विव्हळत का होईना, वेळेत येई. बावीस वर्षांत एकाही रुग्णाने नोंदवहीला खोटं पाडलं नव्हतं.

माणसाचं भान कुठून येतं, कुठे जातं, शरीर म्हणजेच माणूस की शरीरात राहणारा तो कुणी निराळा, यावर शहाण्यासुरत्या लोकांनी हजारो वर्षं डोकेफोड केली आहे. कोंबड्याने हा प्रश्न नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, स्टुलावर बसून, चहा पिता पिता निकालात काढला होता.

"अहो, सोपं आहे," त्याने भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना एकदा समजावून सांगितलं. या बाईंना सगळे भूलवाल्या बाई म्हणत. "माणूस म्हणजे घर. आणि दारावर एक पहारेकरी. आपण ज्याला शुद्ध म्हणतो ना, तो पहारेकरी. तुम्ही औषध देता, घर झोपतं, पहारेकरी पण झोपतो. उठताना आधी घर उठतं, पहारेकरी मागाहून. मधली पाच मिनिटं दार सताड उघडं! त्या पाच मिनिटांत जो बोलतो तो खरा माणूस. बाकी सगळा पहारा."

"मग आत्ता माझ्याशी कोण बोलतंय?" बाईंनी हातमोजे काढत विचारलं.

"आत्ता? आत्ता पहारेकरी."

"फार बडबड्या ठेवलाय हो तुम्ही."

कोंबडा मनापासून हसला. विनोद त्याच्यावर होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही. "पण तुम्ही सांगा ना बाई, तुमच्या मते कुठे जातो माणूस?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं घालवतेय लोकांना. किती औषधाने जातात ते माहीत आहे. कुठे जातात ते नाही."

एवढं शिक्षण घेऊन हे उत्तर! कोंबड्याला त्यांची कीव आली. त्याने ती कँटीनमध्ये बोलूनही दाखवली.

कँटीन हा त्याच्या ज्ञानाचा दुसरा मजला. दुपारी दीड वाजता तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसे आणि त्या दिवशीच्या उघड्या दारांतून जे जे बाहेर पडलं ते आवाज काढून सांगे. मोठ्या कंपनीचे साहेब आईला सांगत होते की बरणी मी नाही फोडली. पहिलवानाला अंधाराची भीती वाटत होती. कडक शिस्तीचे निवृत्त मुख्याध्यापक मांजरीच्या नावाने रडले. एका बाईंनी नवऱ्याचा हात धरून भलत्याच माणसाला हाक मारली. नाव तो कधीच घेत नसे. तेवढं तारतम्य त्याच्याकडे होतं. तो फक्त वॉर्ड आणि खाटेचा नंबर सांगे, आणि लोक जेवण झाल्यावर वाटेत डोकावून येत.

एक शिक्षिका होत्या. त्या उठताना काय बोलल्या ते इथे पुन्हा सांगायचं कारण नाही, कँटीनमध्ये ते सात वेळा सांगून झालं होतं. घरी जायच्या दिवशी लिफ्टवाल्याने त्यांना त्यांचेच शब्द गंमत म्हणून ऐकवले. बाई लिफ्टमधून बाहेर आल्या आणि पोटावरच्या ताज्या टाक्यांवर हात धरून तीन मजले जिन्याने उतरल्या. कोंबड्याने हेही सांगितलं, उदाहरण म्हणून: "बघा, खऱ्याची माणसाला केवढी भीती!"

खऱ्याची भीती काय असते हे त्याला माहीत होतं, आणि ते का माहीत होतं हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी कोंबड्याला हर्निया झाला. इथल्या इथे ऑपरेशन सहज झालं असतं. पण इथे झालं असतं म्हणजे त्याच खोलीत, त्याच तीन खाटांपैकी एकीवर, आणि बदलीवर येणाऱ्या माणसाच्या समोर. त्याने मेहुण्याचं लग्न काढून रजा टाकली आणि बायकोला घेऊन बसने चार तासांवरच्या गावात जाऊन तिथे पोट कापून घेतलं. मेहुण्याचं लग्न त्याच्या अकरा वर्षं आधीच होऊन गेलं होतं, पण हॉस्पिटलला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

तिथे शुद्धीवर आल्या आल्या त्याने पहिला प्रश्न विचारला, "मी काय बोललो?"

"काही नाही," बायको म्हणाली.

"असं होत नाही. सगळे बोलतात."

"तुम्ही नाही बोललात."

त्याने विश्वास ठेवला नाही. बायकोवर अविश्वास दाखवायला एक भक्कम आधारही होता. ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, हेच तिचं काम. अशा बाईने 'काही नाही' म्हणावं आणि ते खरं धरावं? मग तो विचारत राहिला. ती उशीला अभ्रा घालत असताना, सुईत दोरा ओवत असताना, ऑफिसला जायला चपला घालत असताना. "सांग ना, काय बोललो होतो?" "काही नाही हो." नऊ वर्षं.

बरं, भांडणात तरी तिने ते काढावं? तेही नाही. बायका भांडणात काय काय काढत नाहीत, आणि हिने हे एवढं एकच अस्त्र म्यानात ठेवावं, यावरून ते केवढं भयंकर असेल याचा त्याने अंदाज बांधला. हळूहळू त्याला त्या गुपिताचं वजन वाटू लागलं. आपल्या पोटात काहीतरी खोल, काळंकुट्ट दडलेलं आहे, ते फक्त एकदाच बाहेर आलं, आणि ऐकणारी ऐकून गप्प झाली. आरशासमोर दाढी करताना तो स्वतःकडे जरा आदराने बघू लागला. काय असेल याची त्याने मनात यादीही केली होती, आणि तिच्यात अधूनमधून भर पडे.

मग बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले.

दुसरीकडे नंबर लागायला चार महिने होते आणि तिला जेवण पचत नव्हतं. इथे बुधवारची तारीख मिळाली. कोंबड्याच्या तोंडचं पाणी पळालं. रजा घ्यावी, तर बदलीवरचा माणूस तिला उठवणार, आणि दार उघडं असताना तिथे तोच असणार. न घ्यावी, तर खोलीत सिस्टर असते, फरशी पुसणाऱ्या मावशी असतात, लिफ्टवाला सिलिंडर घेऊन येतो-जातो. आणि दार उघडलं की बाहेर काय येणार? तिचं असं काय असणार आहे, पाण्याच्या तक्रारी! येणार ते त्याचं. नऊ वर्षं दाबून ठेवलेलं, त्याचं.

पण रात्रभर विचार करता करता त्या भीतीच्या पाठीमागून दुसरंच काहीतरी डोकं वर काढू लागलं. ती बोलणार म्हणजे अखेर आपल्याला कळणार. पहाटेपर्यंत त्याचं ठरलं. रजा घ्यायची नाही. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि त्या पाच मिनिटांत, पहारेकरी यायच्या आत, स्वतःच विचारून घ्यायचं.

बुधवारी सकाळी बायको हॉस्पिटलचा मागून बांधायचा गाऊन घालून खाटेच्या कडेला बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"तुम्ही नाही थांबलात तिथे तर नाही का चालणार?" ती म्हणाली.

"का गं?"

"तुमचा आवाज."

"हळू बोलेन."

"आणि मी काही बोलले तर? दीड वाजता कँटीनमध्ये?"

"वेडी आहेस का! तू घरची."

"हो का," ती म्हणाली. "घरच्यांना सूट आहे, बरं झालं सांगितलंत." आणि ढकलखुर्चीवर बसून गेली.

कोंबड्याने साडेआठलाच नोंद करून ठेवली होती. अनुक्रमांक चार. खडे. शुद्धीवर आल्याची वेळ ११.४०.

अकरा वाजून बारा मिनिटांनी तिला आणलं, दोन नंबरच्या खाटेवर घेतलं, बोटाला चिमटा लावला. हिरवा आकडा बहात्तर.

"छान झालं," भूलवाल्या बाई म्हणाल्या. "आत डोळे उघडले होते त्यांनी. विचारलेलं कळत होतं. आता पडू दे जरा शांत."

"ते उघडणं म्हणजे खरं उघडणं नव्हे," कोंबडा म्हणाला. "अजून पंचवीस-सव्वीस मिनिटं आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, रुग्णाकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या खाटेच्या कागदांवर लिहायला बसल्या.

कोंबडा बायकोच्या तोंडावर वाकला. पापण्या मिटलेल्या, ओठ किंचित उघडे, श्वास संथ. बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्याने निर्णय दिला: घर झोपलेलं, पहारेकरी झोपलेला.

इकडे गर्दी जमायला लागली होती. फरशी सकाळीच पुसून झाली असूनही मावशींना तिच्यावर डाग दिसला. लिफ्टवाला कुणीही न मागवलेला सिलिंडर घेऊन आला आणि तो नेमका कुठे ठेवावा या विचारात उभा राहिला. सिस्टर तर ड्यूटीवरच होती. बावीस वर्षं या माणसाने त्यांना कँटीनमध्ये फुकट करमणूक पुरवली होती आणि आज त्याच्या घरचा खेळ होता. तो चुकवायला कोण तयार होणार?

कोंबड्याने ते ओळखलं आणि आधीच बांध घालायला सुरुवात केली. "हिचं काही मनावर घेऊ नका हां. साधी आहे ती. खिडकीवर बसून बसून डोक्यात नुसती पाइपलाइन राहिलीय. काहीही बरळेल. माझं नाव घेऊन काही बोलली तरी ते माझ्याबद्दलच असेल असं नाही."

"मग कुणाबद्दल असेल?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"तू सिलिंडर ठेव आणि जा."

"ठेवतोय ना, मास्तर. जड आहे."

"सिस्टर, हिला थंडी वाजतेय. गरम केलेलं ब्लँकेट आणता का जरा?"

"बेलने मागवते की."

"तुम्हीच आणा ना. मावशी, तुम्ही पण. डाग गेला."

सगळे नाखुशीने पडद्याबाहेर गेले. म्हणजे पडद्याबाहेर, त्यापलीकडे नाही. कोंबड्याने पडदा ओढून घेतला आणि आपण आता एकटे आहोत असं मानलं. हिरव्या कापडाच्या एका थरावर त्याने ठेवलेला हा विश्वास बघता, त्याला माणसाच्या आतबाहेरची कितपत कल्पना होती ते दिसतं.

तो बायकोच्या कानाशी वाकला. दबक्या आवाजात बोलायचा त्याला सराव नव्हता. त्याने आवाज हळू केला म्हणजे तो तळमजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यापर्यंत जाण्याइतका झाला.

"अगं. ऐकतेस का? मी आहे. त्या दिवशी मी काय बोललो होतो?"

काही नाही. आकडा शहात्तर.

"ऑपरेशनच्या दिवशी. मी उठताना. सांग पटकन. घड्याळाचं होतं का? घरातलं घड्याळ मी उघडून बिघडवलं होतं आणि मार दादाने खाल्ला, ते?"

एक्क्याऐंशी.

"नाही? मग परीक्षेचं का? औषध-मिश्रकाची परीक्षा मी सोडली नव्हती गं, तीनदा नापास झालो होतो. ते बोललो का? नाही? मग ती समोरच्या इमारतीतली शिवण शिकवणारी बाई? अगं, तिच्यात काही नव्हतं. मी फक्त एकदा छत्री घेऊन तिच्या फाटकापाशी तासभर उभा होतो. तिला माहीतही नाही."

पडद्यापलीकडे कुणाला तरी खोकला आला आणि त्याने तो गिळला. कोंबड्याला ते ऐकू गेलं नाही. त्याचं सगळं लक्ष बायकोच्या ओठांवर होतं. ओठ तसूभरही हलत नव्हते.

"मग बाबांचं होतं," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज खरंच खाली गेला. "बाबांचंच असणार. मी सगळ्यांना सांगितलं की शेवटी त्यांचा हात माझ्या हातात होता. मी नव्हतो तिथे. खाली शेजाऱ्यांकडे मॅच बघत होतो. वर आलो तेव्हा झालं होतं. हात मी नंतर धरला. तेच बोललो ना मी? तुला तेच कळलंय ना?"

चौऱ्याण्णव. पलीकडच्या खाटेशी भूलवाल्या बाईंची लेखणी थांबली. पडद्याच्या फटीतून त्यांना तो आकडा दिसत होता. एका क्षुल्लक यंत्राला बोटाच्या टोकातून जे कळलं होतं, ते तोंड बघणाऱ्याला कळलं नव्हतं.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. या सबंध काळात कोंबडा पूर्ण शुद्धीवर होता. त्याचा पहारेकरी जागा होता, कामावर होता, आणि त्यानेच आतलं एकेक सामान उचलून रस्त्यावर आणून ठेवलं होतं. त्याच्या सिद्धांतात या प्रकाराला जागा नव्हती.

बायकोने डोळे उघडले. सावकाश नाही, एकदम. जशी ती रोज दहा वाजता खिडकीची फळी वर करी.

"अहो," ती म्हणाली. घसा नळीने खरवडलेला, पण शब्द स्पष्ट. "काही बोलला नाहीत तुम्ही."

"कधी?"

"त्या दिवशी. नऊ वर्षं तेच सांगतेय."

"असं होत नाही गं. सगळे..."

"पाणी नाही ना देता येणार अजून? बरं." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "मी खुर्ची ओढून अगदी तुमच्या उशाशी बसले होते. म्हटलं, इतकी वर्षं दुनियेचं सांगतात, यांच्यातून काय निघतं ते बघू तरी. चांगला तासभर कान देऊन बसले. एकदा ढेकर आली तुम्हाला."

"आणि?"

"आणि काही नाही. तेवढंच."

पडद्यापलीकडे सिलिंडर कशावर तरी आपटला. कोंबडा उभाच राहिला. आपल्याला नेमकं काय झालं हे त्याला कळेना. भीती टळली होती, हे तर खरं. त्याने काही बोलून ठेवलेलं नव्हतं, बायकोने काही लपवून ठेवलेलं नव्हतं. म्हणजे सुटलाच की तो! पण नऊ वर्षं पोटात जपलेलं ते खोल, काळंकुट्ट, वजनदार काहीतरी कुणी हलकेच उचलून नेलं होतं, आणि तिथे फक्त मध्यभागी किंचित अधिक उरलं होतं.

"बाबांचं मला माहीत नव्हतं," बायको म्हणाली. तक्रार घेताना ती बोले तशीच. मग तिने मान पलीकडे वळवली.

अशा वेळी माणूस हाताला जे सापडेल ते धरतो. कोंबड्याच्या हाताला नियम सापडला. प्रत्येक रुग्णाला विचारायचे तीन प्रश्न होते, ते त्याने विचारले. त्याचा आवाज प्रथमच खोलीपुरता निघाला.

"नाव काय तुमचं?"

तिने माहेरचं नाव सांगितलं.

"कुठे आहात?"

"तुमच्या खोलीत. दोन नंबरवर. दीड वाजता सांगताना चुकू नका."

"वार कोणता?"

"बुधवार."

तो टेबलाशी गेला, नोंदवही उघडली, पाचवा रकाना भरलेलाच होता. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते, तेही पुढे असलेल्या घड्याळात. त्याने शेऱ्याच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं आणि वही मिटली. तेवढ्यात सिस्टर ब्लँकेट घेऊन आत आली. ते केव्हाच थंड होऊन गेलं होतं, कारण ती ते घेऊन पडद्याशी बराच वेळ उभी होती.

दीड वाजता कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी लिफ्टवाला बसला होता. त्याला आवाज चांगला काढता येतो हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. छत्री, घड्याळ, तीनदा नापास, आणि शेवटी ढेकर. ढेकरेवर मावशींना ठसका लागला. बाबांचं मात्र त्याने सांगितलं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण कुणीच ते सांगितलं नाही. नाव त्यानेही घेतलं नाही.

कोंबडा आठवडाभर डबा आपल्या खोलीतच उघडत होता. नवव्या दिवशी तो पुन्हा कँटीनमध्ये आला, आणि आला तो नवा सिद्धांत घेऊन. भुलीतून उठताना सामान्य माणूस बडबडतो, कारण त्याच्या आत कचरा असतो. ज्याच्या तोंडून अवाक्षर निघत नाही असा लाखात एखादा. त्याचं घर आधीपासूनच झाडूनपुसून स्वच्छ असतं, त्याला पहारेकऱ्याची गरजच नसते. "अशी माणसं थोडी," तो म्हणाला. "मी एकच पाहिलाय."

"आरशात का, मास्तर?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"हसा. कळायला पातळी लागते."

भूलवाल्या बाई शेजारच्या टेबलावर जेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बायको दुसऱ्या दिवशी घरी गेली होती, पंधरा दिवसांनी खिडकीवर रुजू झाली. घरात तिच्या वागण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे पडला की नाही हे त्याला तिच्या तोंडावरून कळलं नाही. त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. एकदा मात्र, ती उशीला अभ्रा घालत असताना, त्याने विचारलं, "तू त्या दिवशी कधी उठलीस गं? मी बोलत होतो तेव्हा नाही ना?"

"तुम्ही लिहिलंत ना वहीत," ती म्हणाली. "मग तेव्हाच."

हे उत्तर त्याला पटलं. इतकं पटलं की त्याच महिन्यात त्याने आपल्या शिफारसपत्राचा मसुदा केला आणि विशेष कौशल्याचं वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा मनासारखं उतरवलं. त्यावर सही झाली, फोटो काढून झाला, चौकट आली. नमुन्याचं पान कुठलं जोडायचं ते त्याने सांगितलं नव्हतं. कारकुनाने नोंदवही जिथे उघडली गेली तिथल्याच पानाची प्रत काढून टाचली. त्यावर बुधवारची तारीख आहे. अनुक्रमांक चार. शस्त्रक्रिया: पित्ताशयातील खडे. खोलीत आणल्याची वेळ: ११.१२. शुद्धीवर आल्याची वेळ: ११.४०. शेरा: काही नाही.

ती सव्वाअकरापासून जागी होती.